भोक केवढं ठेवायचं?

श्रोतेहो, नमस्कार. आषाढात जांबोटीच्या बाजूला कधी गाडी रुतलीय का तुमची? एक चाक चिखलात गरागरा फिरतं आणि दुसरं कोरड्या खडीवर असूनही ढिम्म. हे डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या जोडाचं काम. त्याला दोष तरी कसा द्यायचा? बैलगाडीची चाकं कण्यावर आपापली फिरतात, म्हणून ती सहज वळते. मोटारीत दोन्ही चाकं इंजिननं ओढायची, वर वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं. ती सोय डिफरन्शियल करतं, पण दोन्हीकडे जोर सारखाच देतं. चिखलातलं चाक घेईल तेवढाच कोरड्यावरच्याला.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. जूनमध्ये तिथं इंजिनिअरिंगची चार पोरं ड्रॉइंग घेऊन आली. दोघं मराठी, दोघं कन्नड. भांडताना चौघंही दोन्ही भाषांत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीला, गरज पडली की मागची चाकंही जोडणारं कपलिंग त्यांना करायचं होतं.

मी म्हटलं, कायमचीच जोडून टाका की! त्यातल्या पोरीनं कागद ओढला. मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याला 5 मीटर त्रिज्येचं वळण, पुढच्या-मागच्या चाकांत 2.4 मीटर अंतर. अर्धं वर्तुळ फिरलं तर पुढचा अ‍ॅक्सल जवळजवळ पावणेदोन मीटर जास्त चालतो. कोरड्या डांबरावर हा फरक जाणार कुठं? शाफ्टला पीळ बसतो, टायर घासतात. 1980 साली ऑडीनं चारही चाकांवर चालणारी क्वाट्रो गाडी आणली, तिच्यात दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल दिलं ते त्यासाठीच.

पोरांची वाट वेगळी. तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा आणि शेजारी छोटा पंप. पंपाचा एक भाग पुढच्या शाफ्टला, दुसरा मागच्याला. दोन्ही सारखे फिरले तर पंप गप्प. पुढची चाकं घसरली की पंप चालतो, तेलाचा दाब प्लेटा आवळतो, जोर मागं जातो. सेन्सर नाही, वायर नाही. हायड्रॉलिकचं काम बेळगावला नवं नाही, त्यामुळं मला हे तिथंच पटलं.

खरी गोम निघाली एका भोकात. साध्या वळणावरही पंप थोडा चालतोच, ते तेल निसटायला वाट हवी. भोक मोठं ठेवलं तर चिखलातही दाब धरत नाही. बारीक ठेवलं तर पार्किंग करताना गाडी अडखळणार. त्यात तेल थंड असताना दाट, तापलं की पातळ. सकाळी बरोबर बसलेलं भोक दुपारी मोठं ठरतं. पोरांनी तीनदा पंपाचं नवं झाकण करून घेतलं, दर वेळी वेगळं भोक पाडून.

आमचे आप्पा मिस्त्री लेथवरून हे सगळं बघत होते. उठले, आणि जुन्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरचे मूठभर पितळी जेट, म्हणजे मापाच्या भोकाचे बारीक स्क्रू, टेबलावर ओतले. प्रत्येकावर भोकाचा नंबर कोरलेला.

"झाकण एकच ठेवा, त्याला आटे पाडा. जेट बदलत बघा. झाकणं कशाला नासताय रे?"

आता लेथवर चाचणी चाललीय. 70 नंबरच्या जेटला वळणाएवढ्या फरकानं दाब चढत नाही, पण हे गार तेलाचं झालं. तापलेल्या तेलाचं उद्या बघायचं. तेल तापवायला पोरांनी आमच्या घरचा स्टोव्ह मागितलाय, आणि मी हो म्हणून बसलोय. घरात अजून सांगितलेलं नाही. या वेळेला आमच्याकडं रेडिओ बंद असतो, एवढाच धीर आहे.