व्हाळ उपसण्याचे बिल कोणाच्या नावावर?

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रदूषित जागांच्या सफाईचा सरकारी खर्च आणि कंपन्यांकडून वसुली’ असा विषय छापलेला आहे. कायद्याकडे मी वळणारच आहे. पण सुरुवात डिचोली तालुक्यातील आमच्या घरामागच्या व्हाळापासून, म्हणजे ओढ्यापासून, करतो, कारण या सभागृहातील बऱ्याच जणांच्या घरामागे तसाच एक व्हाळ आहे.

गोव्यात एक टन लोहखनिज काढताना साधारण अडीच ते तीन टन माती बाजूला टाकावी लागते. तिचे डंप होतात आणि मिरगाच्या सरींबरोबर ती खाली उतरू लागते. एका वर्षी आमचा तरवा नुकताच लावून झाला होता आणि एका रात्रीत तो दिसेनासा झाला. पाणी ओसरल्यावर वडिलांनी शेतात फावडे मारले, तर पाते दांड्यापर्यंत लाल चिखलात रुतले. उन्हाने तो चिखल विटेसारखा कडक झाला आणि त्या कोपऱ्यात पुन्हा भात पोटरीला आले नाही. कंपनीचा माणूस दरवर्षी येई, नुकसानभरपाईचा धनादेश देई आणि सही घेऊन जाई. ते पैसे एका हंगामाच्या पिकाचे होते. जमिनीचे नव्हते आणि व्हाळाचे तर नव्हतेच.

पुढे व्हाळ इतका भरला की पाणी रस्त्यावर येऊ लागले. तेव्हा एका सरकारी खात्याने यंत्रे लावून तो उपसला. या कामाचे पैसे कोणाकडून घेणार, असे मी त्या कार्यालयात जाऊन विचारले. तेथील अभियंत्याने सौजन्याने फाइल पुढे ठेवली. तीत निविदा होती, मोजमापाची वही होती, ठेकेदाराचे बिल होते. पण हा गाळ कोणत्या डंपाचा, याविषयी एक ओळही नव्हती. खर्च पूरनियंत्रणाच्या शीर्षाखाली पडला होता, म्हणजे कागदोपत्री तो पावसाने केला होता. उपसलेला गाळ काठावरच रचून ठेवलेला असल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा आत आला आणि दुसरे बिल निघाले. तोवर कंपनीचे नावही बदलले होते. मला सर्वांत अधिक सलते ते हे, की लबाडी करण्याचीसुद्धा कोणाला गरज पडली नाही. नोंद न करणे एवढेच पुरेसे ठरले.

जून 2000 मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज आपण सर्वांनी पाहिले आहे. ते हलवायला बारा वर्षे लागली, आणि तेवढा काळ जहाज कोणाचे व खर्च कोणाचा, हाच वाद चालला.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे. म्हणून मूळ मुद्दा भराभर मांडतो. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व आपल्याकडे जुने आहे. 2010 च्या राष्ट्रीय हरित लवाद कायद्याच्या 20 व्या कलमात ते स्पष्ट लिहिलेले आहे. उदयपूरजवळच्या बिछडी गावात ‘एच आम्ल’ बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने विहिरी नासल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सफाईचा खर्च कंपन्यांवर ठेवला आणि पुढे तो 37 कोटी 38 लाखांहून अधिक ठरला. तरीही पैसे आले नाहीत, म्हणून 2011 मध्ये त्यावर 12 टक्के चक्रवाढ व्याज लावावे लागले. आकडा ठरला होता म्हणूनच व्याज तरी लावता आले.

अमेरिकेच्या 1980 च्या ‘सुपरफंड’ कायद्यात जागेचा आजचा मालक, कचरा पडला तेव्हाचा मालक, कचरा टाकण्याची व्यवस्था करणारा आणि जागा निवडून तो वाहून नेणारा, असे सारेच जबाबदार धरले जातात. शिवाय सरकारी खर्चाचा बोजा थेट त्या जमिनीवर चढतो. आपल्याकडे प्रदूषित जागांविषयीचे केंद्राचे नियम 2025 मध्ये आले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु खाणकाम, समुद्रातील तेल आणि घनकचऱ्याचे ढीग यांतून होणारे प्रदूषण त्यांनी सर्वसाधारणपणे इतर कायद्यांवर सोडले आहे. म्हणजे आमचे डंप, किनाऱ्यावरचे डांबरगोळे आणि मडगावच्या कचऱ्याचा सोनसडो येथील ढीग, हे तिन्ही बाहेर. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये गोव्यातील 88 खाण-लीजांचे नूतनीकरण रद्द केले, नंतर लिलाव सुरू झाले. लीजधारक बदलले तरी डंप जागच्या जागी आहेत. म्हणून पोर्तुगीज काळातील परवान्यापासून आजच्या लीजधारकापर्यंतची साखळी प्रत्येक डंपापुढे लिहिली जावी आणि सफाईच्या खर्चाचा बोजा एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर चढावा, यासाठी राज्याने स्वतःचा कायदा करावा, अशी माझी मागणी आहे.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. मे महिन्यात व्हाळावर यंत्र येईल. ते पाण्यात उतरण्यापूर्वी गाळाचा नमुना पंचनामा करून सीलबंद करून घ्या, वरच्या डंपाचा सर्व्हे नंबर त्याच फाइलीत लिहायला लावा आणि त्या पानाची शिक्क्याची प्रत पंचायतीत ठेवा.