भिंतीतलं काड

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या उन्हाळ्यात मी गोठ्याची एक भिंत लिंपली. माती चाळली, पाणी घातलं, तुडवली आणि लगेच थापली. चौथ्या दिवशी भिंतीला रुपया आत जाईल एवढ्या भेगा! शेजारच्या काकूंनी भेगेत बोट घातलं आणि विचारलं, "काड कुठंय यात?"

ओली माती वाळताना आकसते, स्वतःलाच ओढते. दाब ती कितीही सोसेल, ओढ सोसत नाही. काड म्हणजे पिकाच्या वाळक्या काड्या. ती ओढ काड अंगावर घेतं. मग एका मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि भिंत एकसंध राहते. काळी माती तर फारच फुगते-आकसते, म्हणून ती शेताला ठेवावी. भिंतीला पांढरी बरी.

काड गव्हाचंच हवं असं नाही. भाताचा पेंढा, ताग, अंबाडी, नारळाचा काथ्या, जवळ असेल ते बोटभर तुकडे करून घाला. पण गारा, म्हणजे हा कालवलेला चिखल, आठ-दहा दिवस मुरू द्या. काड कुजायला लागतं, गारा चिकट होतो. वास येतो, हे कबूल!

सह्याद्रीतल्या कुडाच्या घरांत तर सांगाडाच झाडाचा असतो. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेण-माती लिंपायची. ही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. वेरुळच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. ते संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. तो गिलावा आहे, भिंत नव्हे. पण दीड हजार वर्षं टिकलाय.

मातीचा खरा वैरी पाणी. जोतं दगडाचं आणि उंच, छपराची पाखं लांब, एवढं सांभाळलं की निम्मी काळजी मिटली. "पक्कं" करायचं म्हणून वरून सिमेंटचा गिलावा मात्र देऊ नका. आतला ओलावा कोंडतो आणि पापुद्रा मातीसकट सुटतो. दरवर्षी पावसाळा सरला की सारवणाचा हात फिरवावा लागतो. तेवढा वेळ नसेल, तर मातीच्या वाटेला न गेलेलं बरं.

यंदा मी दुसऱ्यांदा गारा केलाय, भरपूर काड घालून. आठव्या दिवशी काकूंना बोलावलं. त्यांनी मूठभर गारा उचलला, नाकाशी नेला, दोन बोटांत चोळला.

"अजून दोन दिवस," म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.