गळतं तिथं फुटलेलं नसतं

मंडळी, आमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय 'गळतीचं शास्त्र : धरणापासून गाडीपर्यंत'. धरणाचं मी फार बोलणार नाही. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, तेवढी वर्षं घरच्यांनी ऐकलं, आता त्यांना जरा विश्रांती. आज गाडीवर बोलायचं. माझ्या स्वतःच्या गाडीवर. 2011 साली घेतलेली डिझेल गाडी, कंपनीचं नाव सांगणार नाही, तिचा यात काही दोष नाही. दोष कुणाचा ते ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईलच, आणि त्यात निम्मा माझा आहे हेही आधीच कबूल करतो.

सुरुवात झाली ती सोसायटीच्या पेव्हिंग ब्लॉकवरून. नवे बसवलेले, लाल-करडे. त्यावर आमच्या गाडीखाली रुपयाएवढा काळा डाग. आठवड्यात तो पुरीएवढा झाला. मग सेक्रेटरींचं पत्र आलं, 'आपल्या वाहनातील तेलगळतीमुळे सामाईक मालमत्तेचे नुकसान होत आहे.' शेजारच्या फ्लॅटचा नळ गेले दोन पावसाळे आमच्या बाल्कनीत गळतोय, त्याला पत्र नाही. असो.

आता मी पडलो धरणवाला. आमच्याकडे एक शिस्त असते, गळती दिसली की आधी ती मोजायची. धरणाच्या पोटात गॅलरी असते, तिथं पाझराचं पाणी नालीतून एका पत्र्याच्या खाचेवरून सोडतात. इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच, म्हणून नाव व्ही-नॉच. खाचेतल्या पाण्याची उंची रोज वहीत मांडायची. उंची दुप्पट झाली तर पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटींच्या वर जातं. नवीन आलेला पोरगा म्हणतो, "साहेब, पाच सेंटिमीटरचं दहा झालंय फक्त." त्या 'फक्त'वर मी कितीतरी जणांना चहा पाजून बसवून शिकवलंय. आणि पाणी नितळ आहे की गढूळ, तेही बघायचं. मातीच्या धरणातून नितळ पाझर येतो तोवर झोप लागते. गढूळ आला, म्हणजे पाण्याबरोबर धरण निघालंय.

तर मी गाडीखाली ताटली ठेवली. आमच्या हिची, पोह्यांची, स्टीलची, नाव घातलेली. रोज सकाळी ताटलीतलं तेल औषधाच्या सिरिंजमध्ये ओढून वहीत आकडा लिहायचा. रात्रीला सरासरी तीन मिलिलिटर. सातव्या दिवशी ताटलीचा शोध लागला, पुढचं सांगत नाही. (हशा) वहिनीमंडळी जास्त हसतायत, म्हणजे प्रत्येक घरात अशी एक ताटली आहे.

महिन्याचे तीस दिवस, रोज तीन, म्हणजे नव्वद मिलिलिटर. पण डिपस्टिक काय सांगत होती? वरच्या खुणेपासून निम्म्यावर उतरली होती. दोन खुणांमध्ये लिटरभर धरलं तर अर्धा लिटर तेल गायब. सायलेन्सरला निळा धूर नाही, म्हणजे जळत नव्हतं. मग चारशे मिलिलिटर गेलं कुठं? उत्तर माझ्याच वहीत होतं, पण मला दिसलं नाही. एकतीस वर्षं ज्यांना शिकवलं त्यातल्या कुणालाही दिसलं असतं. मी काय केलं? बिल भरायला गेलो.

पहिली पायरी मोठं वर्कशॉप. एसी वेटिंग रूम, कॉफी, काचेतून आपली गाडी लिफ्टवर चढलेली दिसते, जवळचं माणूस ऑपरेशन थिएटरात नेल्यासारखं वाटतं. सल्लागार बाहेर आला, पंचविशीचा, गळ्यात पट्टा, हातात टॅब. "सर, रिअर क्रँक सील गेलंय. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल येतंय." मला खाली नेऊन दाखवलं. खरंच, सांध्याच्या तळाशी थेंब लोंबत होता. आता डोळ्यांनी बघितल्यावर बोलणार काय? सील तीन आकडी रकमेचं, पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवायचा. आणि उतरवलाच आहे तर लगे हाथ क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. हे 'लगे हाथ' प्रकरण मोठं महाग असतं. लग्नात बस्ता बांधायला गेल्यावर मामाच्या धाकट्या मुलाला 'लगे हाथ' शर्टपीस घेतो ना, तसं. एकतीस हजार आठशे साठ रुपये. जुने पार्ट मागून घेतले, पोत्यात घालून माळ्यावर टाकले. ही सवयही खात्यातलीच, जुनं सामान जमा केल्याशिवाय नवं मिळत नाही.

तीन आठवड्यांनी पेव्हिंग ब्लॉकवर रुपया.

परत गेलो. या खेपेला "चेंबरचं पॅकिंग." चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची परात. ती काढली, पुसली, भरपूर सिलिकॉन लावून बसवली, चार हजार दोनशे. भरपूर हा शब्द लक्षात ठेवा. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूलाही फुगतं, त्याचा तुकडा सुटून तेल ओढणाऱ्या जाळीत अडकला तर गळती राहिली बाजूला, इंजिनच तेलावाचून मरायचं. पंधरा दिवसांनी पुण्याहून येताना खंबाटकी चढत होतो, तर व्हेंटमधून जळक्या तेलाचा वास. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल ठिबकत होतं. ही म्हणाली, "पोह्यांची ताटली मागं घेऊन बसू का?"

तिसऱ्या ठिकाणी ऑइलचं झाकण उघडलं, इंजिन चालू ठेवून त्यावर तळहात धरला आणि मान हलवली. "काका, बॅक कॉम्प्रेशन मारतंय. इंजिनकाम करावं लागेल." म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेनं खाली तेलाच्या बाजूला निसटतोय. नव्वद हजारांपुढं. चौदा वर्षांच्या गाडीला नव्वद हजार म्हणजे म्हाताऱ्याला हुंडा. मी गाडी विकायला काढली होती, खरंच.

मग मामा भेटले. वाढे फाट्याकडे त्यांचं पत्र्याचं शेड आहे. सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही म्हणतो, वयानं ते माझ्याहून लहान असले तरी. मी वही उघडली, सगळा इतिहास सांगितला. त्यांनी गाडीखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. विचारलं एवढंच, "जुनी क्लच प्लेट ठिवलीया का?"

घरी जाऊन पोतं घेऊन आलो. मामांनी प्लेट उन्हात धरली, बोट फिरवलं, बोट माझ्यापुढं केलं. करडी भुकटी. कोरडी ठणठणीत. म्हणाले, "मागलं सील गळत असतं तर हाउसिंग आतनं माखलं असतं, ही प्लेट अशी ऱ्हायली नसती. तुमचं तेल भायेरनं आलंय." एकतीस हजार आठशे साठ रुपयांचं उत्तर त्या बोटावर होतं आणि ते दोन महिने माझ्याच माळ्यावर पडलं होतं.

पुढं जे झालं ते मी पाटावर बसून बघितलं. इंजिन थंड होऊ दिलं. अल्टरनेटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. डिझेल आणि ब्रशनं इंजिन वरपासून खालपर्यंत धुतलं, चौदा वर्षांचा मळ खाली पत्र्यात साचला, मग कॉम्प्रेसरची हवा मारून कोरडं केलं. आणि मामा आत जाऊन नातवाची पावडर घेऊन आले. लहान बाळांना लावतात ती. तळहातावर घेऊन फुंकरीनं सगळ्या इंजिनावर उडवली. माझ्या गाडीचं इंजिन तीट लावायचं तेवढं बाकी. हायवेला पाचेक किलोमीटर जाऊन आलो, बॉनेट उघडलं.

पांढऱ्या पावडरीवर एकच तपकिरी रेघ. सरळ नाही, वळणावळणाची. खालून वर बोटानं मागं मागं जात मामा थांबले ते इंजिनाच्या पाठीमागं, मॅनिफोल्डच्या खाली, अंगठ्याएवढ्या एका वस्तूपाशी. ऑइल प्रेशर स्विच. डॅशबोर्डवर अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं लाल चित्र लागतं ना, ते लावणारा हा. मामांनी त्याच्या वायरीचं रबरी टोपण उपसलं, तर आतून तेलाची धार मनगटावर आली. "पागोळी कुठं पडती त्ये नका बघू काका. कौल कुठलं फुटलंय त्ये बघा."

या वाक्याला मी खात्यातला असूनही शाकारणी करणाऱ्यासमोर उभा असल्यासारखा गप्प झालो. माजघरात गळतं म्हणून माजघरावरचं कौल कुणी बदलत नाही. पाणी वाशावरून सरकत येतं, फुटकं कौल दोन वासे वर असतं. आजीला हे माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी मी माजघरावरची कौलं बदलायला एकतीस हजार मोजले. स्विच साडेतीनशे, मजुरी दोनशे. मामा मजुरी घेत नव्हते, पावडरीचा डबा तेवढा आणून द्या म्हणाले.

आता वहीकडे परत या. रात्री तीन मिलिलिटर, चालताना त्याच्या चौपट-पाचपट. का? स्विचच्या आत पातळ पडदा असतो. एका बाजूला दाबाखालचं तेल, दुसऱ्या बाजूला वीज. माझा तो पडदा फाटला होता. इंजिन नुसतं फिरत असताना दाब साधारण एक बार, वेगात तीन-चार बार. आणि एक बार म्हणजे दहा मीटर पाण्याची उंची. म्हणजे हायवेला लागलात की तुमच्या बॉनेटखाली तीस-चाळीस मीटरचं धरण भरलेलं असतं, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की क्षणात रिकामं. जी गळती धरण भरल्यावर वाढते ती पाण्याच्या बाजूच्या भेगेतून असते. उभ्या गाडीत नुसतं साचलेलं ठिबकायचं. चेंबरच्या पॅकिंगवर दाब नसतो, ते चालताना इतकं वाढलं नसतं. हे सगळं मला ताटली ठेवली त्याच आठवड्यात कळायला हवं होतं.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' बघा, आणि खरं व्याख्यान आता सुरू व्हायचं होतं. शास्त्र पाच मिनिटांत सांगतो, ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांनी घ्या.

आधी काय गळतंय ते ठरवा. पांढरा पुठ्ठा रात्रभर खाली ठेवा, ताटली नको. काळपट-तपकिरी ते इंजिन ऑइल. गंधकासारखा उग्र वास आणि घट्ट असेल तर गिअर ऑइल, हिरवट किंवा गुलाबी आणि पाण्यासारखं असेल तर कूलंट. चाकाजवळ पातळ, नितळ, बोटाला तेलकट लागलं तर ब्रेकचं, मग गाडी हलवूच नका. उन्हाळ्यात स्वच्छ पाणी पडतं ते एसीचं, त्यासाठी फोन करू नका, मला येतात.

मग मोजा, उभी असताना वेगळं, चाललेलं वेगळं. मग धुवा. न धुता सांगितलेलं निदान ऐकूच नका, कारण मळकट इंजिनावर सगळीकडेच तेल असतं. तेल खाली येतं आणि वाऱ्यानं मागं जातं, त्यामुळं सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग हे नेहमीचं गिऱ्हाईक. त्याचे बोल्ट जोर लावून आवळू नका, रबर चेंबतं आणि जास्त गळतं. पावडरीनं भागलं नाही तर तेलात घालायचा चमकणारा रंग मिळतो, अंधारात अतिनील दिवा मारला की वाट पिवळी-हिरवी उजळते. आम्ही धरणात हेच करायचो, जलाशयात फ्ल्युरोसीन सोडून खाली हिरवं पाणी कुठं निघतं ते बघत बसायचं.

कुठलंही सील बदलण्याआधी ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी, नळी आणि व्हॉल्व्ह साफ करा. ते तुंबले की पोटातली हवा कोंडते आणि चांगल्या सीललाही ढकलून तेल बाहेर काढते. माझं 'बॅक कॉम्प्रेशन' निम्मं तेच होतं. झाकणातून थोडी वाफ जुन्या डिझेलमध्ये येतेच, तेवढ्यावर इंजिन उघडू देऊ नका, कॉम्प्रेशन गेज लावून आकडा मागा. स्वस्तातलं आधी, गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी. जुना पार्ट मागून घ्या आणि, माझ्यासारखं नाही, बघा.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर 4 नोव्हेंबर 2010. सिंगापूरहून सिडनीला निघालेलं ए380 विमान, आत 469 माणसं. एका इंजिनात तेलाची लहानशी नळी, तिचं आतलं भोक पाडताना मध्यापासून सरकलेलं, म्हणून एका बाजूची भिंत पातळ. तिथं तडा गेला, तेल झिरपलं, पेटलं, टर्बाइनची चकती फुटून पंखातून आरपार गेली. विमान सिंगापूरला परत सुखरूप उतरलं, त्या वैमानिकांना हात जोडावेत. पण सुरुवात झिरपण्यापासून.

घंटा झाली. एक प्रश्न आलाय, 'गळती बंद करायची बाटली मिळते ती ओतावी का?' कडक झालेलं रबर त्यानं थोडं फुगतं, काही दिवस निभावतं. फाटलेल्या पडद्याला काय करणार? दुसरा प्रश्न ताटलीचा आहे, तो घरी विचारा. गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे, चहा घेऊन या बघायला. खाली ओलं दिसेल, ते एसीचं पाणी आहे.