दोन किरणोत्सवांच्या मधला हिवाळा

नमस्कार मंडळी. ९, १० आणि ११ नोव्हेंबर या तारखा कोल्हापूरकराला सांगाव्या लागत नाहीत. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडपातून पुढे सरकत पितळी उंबरा ओलांडतं आणि अंबाबाईच्या पायांशी पोचतं. दुसऱ्या दिवशी आणखी वर, तिसऱ्या दिवशी थेट मुखावर. मध्ये ढग किंवा धुरकं आलं नाही तर. मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला पुन्हा तेच.

मी शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तारखा दिसल्या की मोजायची सवय. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस होतात आणि तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस या दोन किरणोत्सवांच्या बरोबर मध्यावर येतो. दक्षिणेकडे जाताना सूर्य क्षितिजावर जिथे मावळतो, परत येताना त्याच जागी मावळतो, म्हणून किरण त्याच वाटेनं आत येतात. माझ्या बागेचा हिवाळा म्हणजे हे मधले बारा आठवडे. आज त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत हिवाळा म्हणजे झोपलेली बाग. माती गोठलेली, झाडं उघडी, आणि माळी शेकोटीपाशी बियाण्यांची यादी चाळत बसलेला. लहानपणी ती चित्रं बघून मला वाटायचं, आपल्याकडे असा निवांत हिवाळा का नसतो? आता वाटतं, आपल्याला मिळालाय तो जास्त चांगला आहे. आपली बाग थकते ती एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यात ती नुसती माजते, आज उपटलेलं तण चार दिवसांत परत वर. हिवाळ्यात ती बेतानं वाढते. रोज एक पान, दोन कळ्या. त्यामुळे माणसाला उभं राहून बघायला सवड मिळते.

आमचं घर शिवाजी पेठेत. जमीन नाही, वर गच्ची आणि दक्षिणेला एक अरुंद गॅलरी. ही गॅलरी मे महिन्यात दुपारी सावलीत असते, पावसाळ्यात कोंदट. दिवाळी झाली की तिथे ऊन यायला लागतं. डिसेंबरच्या शेवटाला भर दुपारी, म्हणजे आपल्याकडे साडेबाराच्या सुमाराला, पाच फुटांची काठी उभी केली तर तिची सावली सव्वाचार फूट पडते. मेच्या पहिल्या आठवड्यात तीच काठी उभी करा, सावली तिच्या पायाशीच. सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की ऊन स्लॅबच्या खालून आत येतं आणि खोलीतल्या फरशीवर चौकोन काढतं. मी शाळेतल्या मुलांना हा चौकोन खडूनं आखायला लावायची. दर आठवड्याला एकदा, एकाच वेळी. २२ डिसेंबरनंतर तो माघारी फिरतो, ते बघताना मुलांचे डोळे मोठे व्हायचे. माझे अजून होतात.

त्या चौकोनात पाठ शेकत बसायचं आणि हाताला काम घ्यायचं, हे माझं घरातलं सुख. मनीप्लँट, रबराचं झाड यांची पानं ओल्या फडक्यानं एकेक पुसायची. कात्रीला धार लावायची, बिजागरीत खोबरेल तेलाचा थेंब सोडायचा. खुरप्याची मूठ सैल झाली असेल तर पाचर मारायची. उन्हाळ्यात ही कामं कामं वाटतात.

आता शेवंतीची गोष्ट सांगते, कारण हिवाळ्याबद्दल मला जे कळलंय ते तिनं शिकवलंय. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत खांबावर नवा पांढरा दिवा लागला. त्याचा उजेड गच्चीच्या एका कोपऱ्यात रात्रभर पडायचा. माझ्या बारा कुंड्यांपैकी त्या कोपऱ्यातल्या चार शेवंत्या हिरव्यागार, तरतरीत, आणि कळी एक नाही. बाकीच्या आठ फुलांनी वाकलेल्या. मी खत बदललं, शेंडे खुडले, माती उकरून मुळं पाहिली. शेवटी एक दिवस संध्याकाळी तिथे उभी राहिले आणि लक्षात आलं की त्या कोपऱ्यात रात्र होतच नाही.

शेवंती लहान दिवसाचं झाड आहे. दिवस लहान झाले, रात्र लांबली, की ती कळी धरते. गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं, की झाडं दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतात. पुढे कळलं की खरी मोजणी होते ती अंधाराची, आणि मध्येच थोडा उजेड पडला तरी हिशेब मोडतो. मी त्या चार कुंड्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नेल्या. इतर शेवंत्या सुकत आल्या तेव्हा यांनी पिवळा रंग दाखवला, संक्रांतीच्या आसपास. लाल पानांचं पॉइन्सेटियाही असंच लहान दिवसाचं झाड. नाताळात विकत आणलेलं पुढच्या वर्षी लाल का होत नाही, असं मला पुष्कळजणी विचारतात. बाई, ते ट्यूबलाइटखाली ठेवलंय ना तुम्ही? दसऱ्यापासून त्याला संध्याकाळी सहा ते सकाळी आठ काळोख द्या आणि दिवसा भरपूर ऊन.

आपल्याकडे २१ डिसेंबरचा दिवस साधारण अकरा तासांचा आणि २१ जूनचा तेरा तासांचा. फरक दोनच तासांचा. आपल्याला जाणवतही नाही. गच्चीवरच्या कुंडीतल्या झाडाला तो कळतो, याचं मला आजही नवल वाटतं.

सकाळचं सुख वेगळं. साडेसहाला वर जावं. पंचगंगेकडून धुकं आलेलं असतं, मेथीच्या वाफ्यावर दंव असतं. ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर छाटलेले गुलाब दीड महिन्यात फुलायला लागतात, आणि थंडीतलं गुलाबाचं फूल उन्हाळ्यातल्यापेक्षा मोठं, रंगानं गडद आणि जास्त दिवस टिकणारं. पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस यांची रोपं आता नर्सरीत सगळीकडे मिळतात, त्यावर वेळ घेत नाही. पाण्याचं मात्र एकच सांगते. या दिवसांत कुंड्या तहानेनं कमी आणि लाडानं जास्त मरतात. मातीत बोट खुपसा, ओल लागली तर झारी खाली ठेवा. आणि पाणी सकाळीच द्या. रात्रभर पानं ओली राहिली की रोग धरतो.

पावट्याच्या वेलावर ढगाळ हवेत मावा पडतो. पूर्वी मी दिसला की फवारा घ्यायची. आता चार दिवस थांबते. ढालकिड्याची अळी येते, काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी दिसते. लोक तिलाच कीड समजून चिरडतात. ती शेंड्यावरून चालत मावा खात जाते आणि मागे हिरवी स्वच्छ दांडी राहते. मी स्टूल घेऊन तिच्यासमोर अर्धा अर्धा तास बसलेली आहे.

माझं माहेर करवीर तालुक्यातलं. भाऊ अजून शेती करतो. या दिवसांत तिकडे गेलं की उसाचा हंगाम. पावसाळी भेंडीची जून झालेली झाडं दादा उपटतो ती फेकत नाही, गुऱ्हाळावर देतो. त्यांचे बुंधे ठेचून पाण्यात भिजवले की बुळबुळीत चिकट पाणी निघतं. ते काहिलीतल्या उकळत्या रसात घातलं की मळी वर येते, गुळव्या ती झाऱ्यानं काढून टाकतो. ज्या भेंडीची भाजी आपण जुलैत खाल्ली तिच्याच बुंध्यानं डिसेंबरात गूळ स्वच्छ होतो. एवढं पुरेपूर कामी येणारं झाड माझ्या गच्चीवर दुसरं नाही.

तिथेच बांधाकडेला हरभरा. आजी पहाटे अंधारात धुतलेलं पातळ फडकं घेऊन जायची आणि झाडांवर अलगद पसरायची. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, तिच्यातून आम्ल पाझरतं, मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक, आणि ते दंवात मिसळतं. फडकं भिजलं की बाटलीत पिळायचं. ती आंब. पोटदुखीला थेंबभर पाण्यात घालून द्यायची. शेतातून फिरून आल्यावर पायाला खाज सुटायची तीही त्या आंबेनंच. मी गच्चीवर हरभऱ्याच्या दोन कुंड्या लावते. महिन्याभरात शेंडे खुडते, झाड पसरतं आणि खुडलेल्याची भाजी होते. आंब निघण्याइतकी झाडं नाहीत माझ्याकडे. पण सकाळी पानावरून बोट फिरवून जिभेला लावते. आजीच्या हाताला तीच आंबट चव असायची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशीची भाजी शक्य तेवढी घरच्या कुंड्यांतली करायची, असं मी ठरवून टाकलंय. पावटा, हरभरा, वांगं, गाजर. गाजरं करंगळीएवढीच येतात कुंडीत. चार गाजरं कमी पडतात म्हणून बाजारातून आणते, पण आपली चार वर दिसतील अशी ठेवते. शेजारच्या वहिनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी घेऊन येतात, आम्ही गच्चीवरच उन्हात बसून जेवतो. समोरच्या वाड्यातल्या आंब्याला तोवर मोहर आलेला असतो. जेवताना बोलणं आपोआप कमी होतं.

रात्री आठनंतर गारठा वाढला की खिडक्या लावायच्या आणि बियांचा डबा काढायचा. पावसाळ्यातली घोसाळी मी मुद्दाम दोन वेलावर सोडते. ती वाळून तपकिरी होतात, हलवली की खुळखुळ्यासारखी वाजतात. टोकाचं टोपण काढून उलटं धरलं की काळं बी ताटात सांडतं. ते निवडायचं, पोकळ बी बाजूला, भरलेलं एकीकडे. चाळलेल्या राखेत घोळवून कागदाच्या पुडीत बांधायचं, वर वर्ष लिहायचं. आतली जाळी घासणीला. माझी नात हे निवडायला बसते, आणि दर खेपेला एक बी खिशात घालते. मी बघितलं नाही असं दाखवते.

परवा ३१ जानेवारी. मी संध्याकाळी महाद्वारात असेन, तुम्हीही पुष्कळजण असाल. तोवर हे काम उरकायचं होतं म्हणून काल रात्री सगळं बी निवडून संपवलं. यंदा बरंच निघालंय. दाराशी स्टीलच्या डब्यात पुड्या ठेवल्यात, जाताना एकेक घ्या. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीत पेरा, नाहीतर मिरगापर्यंत कोरड्या जागी ठेवा. दोन घोसाळी वेलावर सोडायला विसरू नका.