रोजचा लाल

नमस्कार श्रोतेहो. होळी झाली, गहू कापणीला आला आणि इंदूरच्या दुपारी तापायला लागल्या, की घरोघरच्या हवामान यंत्रांवर आगीच्या धोक्याची खूण लाल होते. आज मी त्या लाल खुणेबद्दल बोलणार आहे. आपल्याकडे गच्चीवर किंवा शेतावर आता बऱ्याच जणांनी अशी छोटी यंत्रं बसवली आहेत. वारा, पाऊस, तापमान, आर्द्रता मोजायची आणि घरच्या संगणकावर क्युम्युलस नाहीतर वीवीएक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून बघायची. त्याला आगीच्या धोक्याचा निर्देशांक, म्हणजे आज आग किती सहज लागेल आणि पसरेल ते सांगणारा आकडा, जोडता येतो. तो जोडला की हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिसतात.

पण हे रंग कुठे बदलायचे, त्या रेषा आपल्या माळव्यासाठी आखलेल्या नाहीत. एवढं एक वाक्य आज लक्षात ठेवा. रेषा आपल्यासाठी आखलेल्या नाहीत.

मला हे कसं कळलं ते सांगते. माझे धाकटे दीर देपालपूरच्या बाजूला शेती करतात. काळी जमीन, गहू आणि सोयाबीन. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास मुलाने त्यांच्या मोटरीच्या खोलीवर यंत्र बसवून दिलं. आकडे रामबागेत आमच्या घरच्या संगणकावर यायचे आणि धोका लाल झाला की भावजींच्या फोनवर घंटी वाजून संदेश जायचा. निर्देशांक निवडला होता चँडलरचा, म्हणजे 'चँडलर बर्निंग इंडेक्स', कारण तो सोपा. त्याला फक्त दोन गोष्टी लागतात, तापमान आणि आर्द्रता. आकडा 97.5 च्या वर गेला की अतितीव्र, म्हणजे लाल.

पहिला लाल संदेश आला तेव्हा भावजींनी सगळं अगदी मनापासून केलं. टँकर भरून बांधावर आणला, मजुरांना बिडी पेटवू दिली नाही, हार्वेस्टर दुपारभर थांबवलं. हार्वेस्टर पंजाबहून आलेलं, गावात पाळीने फिरणारं. त्यांची पाळी हुकली ती चार दिवसांनी परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पुन्हा लाल. तिसऱ्या दिवशी लाल. दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, रोज मरे त्याला कोण रडे." मी म्हटलं, "भावजी, यंत्र सांगतंय तर निदान टँकर तरी भरून ठेवा." ते म्हणाले, "ठेवतो," आणि ठेवलाही आणखी दोन-तीन दिवस. मग त्यांनी घंटीचा आवाज बंद केला. त्यांना मी आजही दोष देत नाही.

एप्रिलचा दुसरा आठवडा. मी गच्चीवर कुरडया घालत होते. वारा इतका सुटला की कुरडयांवर अंथरलेली साडी विटा ठेवूनही उडत होती. हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि तरी माझ्या मनात शेत आलं नाही. त्याची टोचणी मला अजून आहे. बाराला नेहमीसारखा लाल संदेश गेला. भावजींनी तो पाहिलाही नाही. अडीचच्या सुमारास दोन शेतं पलीकडे कुणीतरी नरवाई पेटवली.

नरवाई म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले गव्हाचे खुंट, हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. पण थांबून एक बोलतेच. हार्वेस्टर वरचं कणीस नेतं आणि वीतभर, दीड वीत खुंट उभे ठेवतं, ते काडी लावून मोकळं होणं मला कधीच पटलेलं नाही. त्याच खुंटांचा मशीनने भुसा होतो, गुरं तो वर्षभर खातात, आणि उन्हाळा संपता संपता तोच भुसा आपण पैसे मोजून विकत घेतो. जमिनीतली गांडुळं भाजून निघतात ती वेगळीच. असो, पुढचं सांगते.

आग बांधाबांधाने आली. भावजींचा उशिरा पेरलेला तीन बिघे गहू अजून उभा होता. जाऊबाई घरात होत्या. धूर दिसताच त्यांनी सगळ्यात आधी गोठ्यातल्या म्हशींचे दोर सोडले, मग ओरडत बाहेर पडल्या. टँकर रिकामा होता. शेजारच्या मुलाने ट्रॅक्टर काढला, कल्टिव्हेटर जोडला आणि धुरातच आडवा पट्टा नांगरत गेला, एकदा गेला, परतला, पुन्हा गेला. काळी माती वर आली तिथे आग अडली. उरलेला गहू आणि घर त्या पट्ट्याने वाचलं. तीन बिघे गेले, पाण्याचे काळे पाइप वितळून जमिनीला चिकटले, बांधावरचा कडुनिंब एका बाजूने करपला. माणूस, जनावर सगळे सुखरूप.

त्या रात्री मी नोंदी उघडल्या. आगीचा दिवस आणि त्याच्या आधीच्या आठवड्यातला एक साधा दिवस शेजारी शेजारी ठेवला. दोन्ही दिवशी 39 अंश, दोन्ही दिवशी आर्द्रता 14 टक्के. चँडलरचा आकडा पहिल्या दिवशी 139, दुसऱ्या दिवशीही 139. पुन्हा सांगते, 139 आणि 139. मग वाऱ्याचा रकाना पाहिला. साध्या दिवशी वारा ताशी 9 किलोमीटर, आगीच्या दिवशी 32. निर्देशांकाला वारा माहीतच नव्हता.

मग मी तेच आकडे मॅकार्थरच्या सूत्रात घातले. ॲलन मॅकार्थर हे ऑस्ट्रेलियाचे वणव्यांचे अभ्यासक, ही पद्धत 1960 च्या दशकातली. त्यात तापमान आणि आर्द्रतेबरोबर वारा येतो आणि सुकेपणाचा घटक येतो, 0 ते 10. मावठा पडून दोन महिने झाले होते, म्हणून मी 10 धरला. साधा दिवस आला 35, आगीचा दिवस 60. जुन्या मोजपट्टीवर 50 च्या पुढे सगळ्यात वरची पायरी. म्हणजे फरक दिसत होता, आम्ही तो विचारलाच नव्हता.

आता तुमच्या यंत्राचं. आधी संवेदक, म्हणजे तापमान आणि आर्द्रता मोजणारा भाग, सावलीत आहे का ते पाहा. आमचा पत्र्याजवळ होता आणि कडुनिंबाखालच्या 39 अंशांऐवजी 41 दाखवत होता. हवा तापली की आर्द्रतेचा टक्का घसरतो, 14 चा जवळपास 13 होतो. तेवढ्यानेच चँडलरचा आकडा 139 वरून 147 होतो. नोंदी ताडून पाहण्याआधी ते सगळं आम्हाला दुरुस्त करावं लागलं. शाळेत आमच्या वेळी ओला आणि कोरडा असे दोन तापमापक शेजारी टांगून आर्द्रता काढायला शिकवायचे. आजही प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात ती जोडी असायला हवी, असं मला फार वाटतं. मुलांना टक्का हातात घेतल्यासारखा कळतो.

दुसरं, वाऱ्याचं एकक. मॅकार्थरला वारा ताशी किलोमीटरमध्ये लागतो आणि तोही मोकळ्या जागी 10 मीटर उंचीवरचा. सॉफ्टवेअर जर सेकंदाला मीटर देत असेल तर ताशी 32 चे होतात सुमारे 9, आणि 60 चा दिवस 35 दिसतो. एकक पाहा. पाण्याच्या टाकीआड वारा मोजणारा पंखा असेल तर तो हलवा.

आणि तिसरं, रेषा. सूत्राला हात लावू नका, रेषा हलवा. मी मागच्या उन्हाळ्याच्या मॅकार्थरच्या सूत्राने काढलेल्या रोजच्या दुपारच्या कमाल आकड्यांची उतरत्या क्रमाने यादी केली आणि यादीचा वरचा दहावा हिस्सा, म्हणजे सगळ्यात वाईट दिवस, जिथे संपतो तिथे लाल रेषा ओढली. आमच्या शेतावर ती 52 ला आली. तुमच्याकडे वेगळी येईल, 52 उचलू नका. यात कमीपणा काही नाही. ऑस्ट्रेलियाने स्वतःच 2009 च्या फेब्रुवारीत 173 माणसं वणव्यात गेल्यावर पायऱ्या बदलल्या आणि 2022 च्या सप्टेंबरात पुन्हा सगळी पद्धत नवी केली. डिसेंबरात गहू हिरवा असताना मात्र हा लाल आला तरी घाबरू नका, हे सूत्र जंगलासाठी आहे, त्याला तुमचं पीक ओलं आहे हे कळत नाही.

या वर्षी होळीपासून आजपर्यंत लाल चार वेळा आला. चारही वेळा भावजींनी हार्वेस्टर थांबवलं आणि भरलेला टँकर बांधावर उभा केला. कुठे काही पेटलं नाही. संध्याकाळी वारा पडल्यावर त्यांनी ते पाणी करपलेल्या कडुनिंबाला घातलं. नमस्कार.