दहावीचा पेपर संपायच्या आत क्लासवाल्यांचा फोन कसा येतो? नवा डेटा कायदा काय म्हणतो

नमस्कार मंडळी.

लेकराचा दहावीचा शेवटचा पेपर होतो न होतो, की बापाच्या मोबाइलवर फोन यायलेत. "सर, नीटची बॅच सुरू होतेय, डेमो लेक्चर फ्री, होस्टेलची सोय आहे." लातूरकरांना यात नवीन काहीच नाही. नांदेडला, छत्रपती संभाजीनगरलाही तेच. पलीकडच्याला लेकराचं नाव माहीत, शाळा माहीत, गाव उदगीर की अहमदपूर तेही माहीत. नंबर कुठून मिळाला विचारलं, की फोन कट.

आता कायदा बघू. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर कायदा यायला ऑगस्ट २०२३ उजाडला: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. आठ वर्षं! एवढ्यात आपल्याकडं पहिलीतलं पोरगं नववीत जातं.

कायद्याचा गाभा आहे संमती. क्लासनं तुमचा नंबर घेतला तर तो कशासाठी घेतला हे साध्या भाषेत सांगायचं, आणि त्याच कामासाठी वापरायचा. प्रवेशासाठी घेतलेला नंबर दुसऱ्या क्लासला द्यायचा नाही. संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. आणि ही सूचना मराठीत मागायचा हक्क आहे तुम्हाला, कलम ५ मध्ये. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांची सोय त्यात आहे. इंग्रजीतल्या चार पानांवर सही करून घ्यायचे दिवस कागदावर तरी संपलेत.

आता लेकरांचं. या कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक. म्हणजे अकरावी-बारावीच्या बॅचमधली बहुतेक पोरं. त्यांच्या माहितीला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला बंदी आहे. चुकलं तर दंड २०० कोटींपर्यंत. शिक्षणसंस्थांना शिकवण्यापुरती आणि पोरांच्या सुरक्षेपुरती थोडी सूट आहे, पण मार्केटिंगचा फोन त्यात बसवून दाखवा!

एक पळवाट लक्षात ठेवा. कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू आहे. क्लासच्या मांडवात बसून वहीत लिहून घेतलेला नंबर वहीतच राहिला तर कायदा त्याला हात लावत नाही. संध्याकाळी तो एक्सेलमध्ये गेला, की लागू. आणि तो जातोच.

आता ज्याचा मला राग येतो ते. दंड झाला तर पैसा कुणाला? सरकारच्या तिजोरीत. ज्याचा डेटा फुटला त्याला या कायद्यात रुपयाही भरपाई नाही. जुन्या आयटी कायद्यात ४३-अ कलम आहे. कंपनीनं हलगर्जी करून बँकेची, आरोग्याची अशी संवेदनशील माहिती फोडली तर राज्याच्या आयटी सचिवांपुढं भरपाई मागता येते. ते कलम नवा कायदा मे २०२७ पासून काढून टाकतोय. उलट तुम्ही खोटी तक्रार केली तर तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड.

आणि तारखांची गंमत बघा. तुमचे हक्क, क्लासवर आणि कंपन्यांवर येणारी बंधनं, हे सगळं नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. पण याच कायद्यानं माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) कलम (इंग्रजीत ८(१)(j)) बदललं, ते मात्र लगेच लागू. आधी खासगी माहितीही व्यापक जनहित असेल तर देता यायची, तसं त्या कलमातच लिहिलं होतं. आता नुसतं "वैयक्तिक माहिती आहे" म्हणून अर्ज नाकारता येतो. उद्या तुम्ही घरकुलाच्या यादीत कुणाकुणाची नावं आहेत विचारलं, तर हेच उत्तर हातात पडू शकतं. अपिलात कलम ८(२) दाखवा, जनहिताची वाट तिथं अजून उघडी आहे. पण नागरिकाला थांबवायची घाई एवढी, आणि कंपन्यांना अठरा महिने मुदत?

तोपर्यंत काय करायचं? नको असलेल्या जाहिरातीच्या फोनची तक्रार १९०९ वर करा, डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन अडवायची सोय, सुरू करून ठेवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

मे २०२७ नंतर तक्रार आधी क्लासकडंच करायची, लेखी. त्यांना उत्तराला जास्तीत जास्त नव्वद दिवस. नाही दिलं तर डेटा संरक्षण मंडळाकडं, ऑनलाइन. दिल्लीला हेलपाटा नाही. दिवाणी कोर्टात मात्र हा विषय नेता येत नाही.

दहावीचे निकाल अलीकडं मे महिन्यात लागतात. म्हणजे २०२७ च्या निकालानंतरचे प्रवेश या कायद्याखालचे पहिले. तेव्हा फॉर्म पुढं सरकवला की आधी मराठीतली सूचना मागा, आणि "इतर संस्थांना माहिती देण्यास हरकत नाही" अशी ओळ त्यात असेल तर तिच्यावर काट मारूनच सही करा.