ओहोटीचे दोन तास

(पहाट. हाजी अलीलगतचा खडकाळ किनारा, मागे शहर.)

अमावास्येची ओहोटी लागली आहे. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो आणि एरवी पाण्याखाली असणारा हा काळा खडक काही काळ उघडा पडतो. रस्त्यावरून पाहणाऱ्याला येथे शेवाळलेले दगडच दिसतात. मात्र गुडघे टेकून पाहिले, तर पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या पानांवर राहणारे प्राणीसंघ येथे एकाच डबक्यात एकमेकांना खेटून राहताना आढळतात.

दगडाच्या सावलीतला हा नारिंगी थर म्हणजे स्पंज. रंध्रीय संघातील या प्राण्याला तोंड नाही, पोट नाही आणि चेतासंस्थाही नाही. अंगभर असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत शिरते, आतल्या पेशी त्यातील अन्नकण टिपून घेतात आणि ते पाणी वरच्या मोठ्या छिद्रावाटे बाहेर पडते.

(समुद्रफुलाचे निकटदृश्य.)

हा वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे अंगाला चिकटवून बसलेला गोळा समुद्रफूल आहे. पाणी नसताना ते शुंडके, म्हणजे तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव, आत ओढून घेते. डबक्यात पाणी शिरताच ती एकेक करून उलगडतात. प्रवाळ आणि जेलीफिश हे त्याचेच संघबंधू होत. अन्न आत घेण्यासाठी आणि उरलेले बाहेर टाकण्यासाठी एकच द्वार आणि शुंडकांवर भक्ष्याला बधिर करणाऱ्या दंशपेशी, ही निडारिया संघाची ओळख.

आता या पांढऱ्या, खरबरीत सुळक्यांकडे पाहा. अनवाणी चालणाऱ्याचा तळवा कापणारे हे बार्नॅकल. कठीण कवच आणि खडकाला कायमची चिकटलेली बैठक पाहून त्यांना दीर्घकाळ मृदुकाय प्राण्यांत, म्हणजे शंख-शिंपल्यांच्या पंक्तीत बसवले गेले, आणि फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांचेही मत तेच होते. आयर्लंडमधील कॉर्क येथे असलेले लष्करी शल्यविशारद जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी समुद्रातून गाळून आणलेले पोहणारे इवले जीव काचेच्या भांड्यात ठेवले. काही दिवसांत त्या जीवांनी कात टाकली आणि भांड्यात बार्नॅकल दिसू लागले. १८३० साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. डिंभ, म्हणजे पिल्लाची पोहणारी अवस्था, कोळंबीच्या कुळातला, पाय सांध्यांचे, वाढताना कात टाकण्याची रीत तीच. म्हणजे बार्नॅकल हे खेकड्याचे नातलग, संधिपाद संघातले. पुढे चार्ल्स डार्विन यांनी १८४६ पासून सुमारे आठ वर्षे केवळ याच प्राण्यांच्या अभ्यासात घालवली. त्यांच्या घरच्यांना याचा किती कंटाळा आला असेल, याची कल्पना करता येते. डोक्याकडून खडकाला चिकटलेला हा जीव पिसांसारखे पाय बाहेर काढून अन्न तोंडाकडे ओढतो. पाणी येताच झाकण उघडते आणि पाय बाहेर येतात.

(कालवे फोडणारे हात.)

बार्नॅकलच्याच शेजारी कालवे आहेत आणि ती मात्र खरोखर मृदुकाय आहेत. अंगाभोवतीचे प्रावरण हे मऊ आवरण कवच घडवते. त्या खाचेत रंग बदलत बसलेल्या ऑक्टोपसनेही तेच प्रावरण जपले आहे. कवच मात्र उत्क्रांतीच्या ओघात गमावले.

दगड अलगद उलटला की ही ठिसूळ तारका पाच हात हलवीत अंधाराकडे सरकते. हिचा कंटकचर्मी संघ पूर्णपणे सागरी आहे. प्रौढ शरीराची रचना पंचअरीय, म्हणजे मध्याभोवती पाच सारख्या भागांची, असते, कातडीत चुन्याच्या तकटांचा सांगाडा असतो आणि तुटलेला हात पुन्हा वाढतो. चित्रीकरण संपताच आम्ही दगड होता तसा ठेवला.

(ॲसिडियनचे निकटदृश्य.)

शेवटी, बोट लावताच पाण्याची पिचकारी सोडणारी ही जिलेटिनसारखी पिशवी म्हणजे ॲसिडियन. हिला कोणीही स्पंजच्या शेजारी बसवले असते. परंतु १८६६ साली रशियन भ्रूणशास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्स्की यांनी ॲसिडियनच्या डिंभाचे वर्णन केले, तेव्हा बेडूकमाशाप्रमाणे पोहणाऱ्या त्या डिंभाच्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे पृष्ठवंशीयांच्या भ्रूणातही असणारा पाठीतला लवचीक दांडा, असल्याचे स्पष्ट झाले. खडकावर बसताच शेपूट आणि पृष्ठरज्जू दोन्ही विरून जातात. तरीही या डबक्यातील सर्व अपृष्ठवंशीय प्राण्यांत मासे, पक्षी आणि माणूस यांचा सर्वांत जवळचा नातलग हाच आहे.

सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० साली या भागातील काही प्रवाळ-वसाहती उचलून अन्यत्र बसवण्यात आल्या, कारण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. बार्नॅकल आणि ॲसिडियन यांना ते नाही.

(डबक्यात पाणी परत येते. निवेदन नाही.)